चाळीस ते साठच्या मधला आवाज

गाडी आली तेव्हा घरात कुणालाच ती नको होती. तरी ती आली, कारण नोंदणी सहा महिन्यांपूर्वीची होती आणि मधल्या काळात आमच्याकडे काय झालं ते शोरूमला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. पांढरी, विजेवर चालणारी, बॉनेटवर रिबिनीचं हे एवढं मोठं फूल. जावयांनी आधी ते फूल काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि मग सही केली.

नोंदणी केली तेव्हा लेकीला तिसरा महिना होता. ती घरोघरी जाऊन पेशंटांकडून व्यायाम करून घेते. कुणाचा खांदा धरलेला, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दिवसाला सहा-सात घरं, त्यामुळे गाडीशिवाय तिचं पान हलत नाही. आमच्या ह्यांनी तिला सांगितलं होतं, "हीच घे. बाळ मागे झोपलं तर उठायचं नाही, इतकी शांत आहे." तेवढ्या एका वाक्यावर तिने ती पसंत केली. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. त्यानंतर सात आठवड्यांनी गाडी दारात उभी राहिली.

हे एका दमात सांगून टाकलं, कारण थांबत थांबत सांगायला मला जमत नाही. मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन आहे. लोकांचे कपडे आत घ्यायचे, उसवायचे, चेन बदलायची. त्या सात आठवड्यांत मी किती जणांच्या पँट आखूड केल्या देव जाणे. रडू आलं नाही. हात चालत होते आणि डोकं कुठेतरी ठेवून आल्यासारखं रिकामं होतं. लेकही रडली नाही. ती जेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची, तिसऱ्या आठवड्यात कामावरही गेली. लोक म्हणाले, धीराची आहे. मी मान हलवायची.

आता ह्यांच्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे हे गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक. तिथे त्यांना सगळे कानसेन म्हणतात. डिझेलच्या इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, लाकडी मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, तिसऱ्या सिलिंडरमध्ये गडबड आहे. उघडून बघितलं की तिसऱ्यातच निघायची. विजेच्या गाड्या आल्या तशी जुनी माणसं एकेक करून घरी बसली. ह्यांना मात्र ठेवलं. सर्व्हिस मॅनेजर म्हणाला, बिघाड काय तो लॅपटॉप सांगेल, आवाज मात्र माणसानेच ऐकायला हवा. इंजिनाची घरघर नसल्यामुळे ह्या गाड्यांत बारीकसं चुरचुरलं तरी गिऱ्हाईक धावत येतं.

त्यांची पद्धत ठरलेली. गाडी दुसरा कुणीतरी चालवणार. हे मागे, मधल्या सीटवर, डोळे मिटून, उजवा हात गुडघ्यावर. आवाज आला की पहिलं बोट वर, गेला की खाली. चालवणारा आरशातून ते बोट बघतो. परत आल्यावर हे कार्डावर लिहितात, 'आवाज आहे' किंवा 'आवाज नाही', आणि खाली सही ठोकतात. त्या सहीनंतर वर्कशॉपमध्ये पुन्हा कुणी तपासत नाही. घरीही तेच. पंखा, नळ, फ्रिज, ह्यांनी कान लावला आणि 'काही नाही' म्हणाले की विषय संपला. माझ्या मशीनचा सूर बिघडला तर तो मला ह्यांच्या आधी चार दिवस कळतो. पण मला त्याबद्दल कुणी पदवी दिली नाही आणि मीही मागितली नाही.

आणि दोन वर्षांपासून ह्यांना ऐकू येत नव्हतं.

सगळंच नाही. ट्रक ऐकू यायचा, दार आपटलेलं ऐकू यायचं, माझी बडबड तर हवी तेव्हा ऐकू यायची आणि नको तेव्हा नाही, पण ते लग्नापासूनचं आहे. बारीक, उंच आवाज गेले होते. कपडे धुण्याचं यंत्र काम संपलं की पीं-पीं करतं, हे त्याच्या शेजारी बसून पेपर वाचत असायचे. मी कधी बोलून दाखवलं नाही. बेल वाजली की उठता उठता मोठ्याने म्हणायची, "दार वाजलं वाटतं." मोबाइल वाजला की, "कुणाचा फोन आलाय बघा." हे लगेच, "हो, ऐकलं." दोन वर्षं आमचं असं बिनबोभाट चाललं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. नुसत्या कानावर नोकरी टिकलेल्या माणसाला तुमचा कान गेला हे कोण सांगणार? मी ठरवलं होतं, आठ महिने मी ओढून नेईन.

गाडीने पहिले पंधरा दिवस सगळ्यांना नाकी नऊ आणले. भर रस्त्यात समोरचा पडदा काळा व्हायचा आणि मिनिटाने 'सुस्वागतम' म्हणत उजळायचा. लख्ख उन्हात वायपर हलायला लागायचे. चार्जिंगचं झाकण उघडायचं, पण मिटायचं नाही. लेकीने त्याला चिकटपट्टी लावली होती. एकदा किल्ली आत आणि दारं आपण होऊन लॉक. शिवाय मागच्या सीटवर कुणी नसताना, कुणीतरी बसलंय, पट्टा लावा, म्हणून टुणटुण करायची. ती टुणटुण पहिल्यांदा ऐकली तेव्हा जावई गाडी रस्त्याकडेला लावून चालत घरी आले. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

हे सगळं वर्कशॉपमधल्या लॅपटॉपवालीने निस्तरलं. ती तिशीची, कमी बोलणारी, गळ्यात कायम एक वायर अडकवलेली. तिने दोन वेळा गाडीत नवीन प्रोग्रॅम घातला आणि खोड्या थांबल्या. ह्यांनी लेकीला एका कागदावर यादी करून दिली, कुठल्या आवाजाला घाबरायचं नाही त्याची. गाडी उभी केल्यावर आतून टक-टक येते, ती येणारच. चार्जिंग चालू असताना पंखा अचानक फिरायला लागतो, फिरू दे. हळू चालवताना बाहेरून गुणगुण ऐकू येते, ती मुद्दामच ठेवली आहे, चालणाऱ्यांना कळावं म्हणून. लेकीने कागद घडी करून गाडीच्या कप्प्यात ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, यादीत नसलेला एक आवाज येतो. वेग चाळीस ते साठच्या मध्ये असताना पाय उचलला की येतो, पाय दाबला की जातो. बारीक आहे, पण कानात घुसतो.

ह्यांनी गाडी वर्कशॉपला नेली, मागे बसले, बोट वर गेलं नाही. कार्डावर 'आवाज नाही'. आठवड्याने लेकीने पुन्हा सांगितलं. पुन्हा चाचणी, पुन्हा 'आवाज नाही'. लॅपटॉपमध्येही काही दिसेना. तेव्हा ती रविवारी आमच्याकडे आली आणि म्हणाली, मी चालवते, तुम्ही दोघं मागे बसा, मला दाखवायचंय.

शहराबाहेर गोदामांचा एक लांब सरळ रस्ता आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. हे मधल्या सीटवर, मी त्यांच्या डावीकडे खिडकीशी. गाडी पन्नासला गेली, लेकीने पाय उचलला आणि तो आला. मशीनला तेल नसलं की सुईचा दांडा जसा ओरडतो ना, तसा, फक्त जास्त लांब आणि पातळ. तिने पाय दाबला, गेला. उचलला, आला. इतका स्वच्छ की मला दातांत जाणवला.

मी ह्यांच्या बोटाकडे बघितलं. ते गुडघ्यावर निवांत होतं. डोळे मिटलेले, चेहरा जाणकाराचा. आरशात लेकीचे डोळे आधी ह्यांच्या बोटावर गेले, मग माझ्यावर.

"आई, तुला?"

"नाही गं," मी म्हणाले. "काही नाही."

ते शब्द माझ्या तोंडातून निघायला क्षणही लागला नाही. आठ महिन्यांचा विचार मी नंतर केला, आधी नुसती सवय बोलली. आमच्या घरात ह्यांचं बोट खाली असताना वेगळं काही ऐकायची कुणाला रीतच नव्हती. लेकीने मान हलवली आणि गाडी वळवली.

पुढचे तीन आठवडे आवाजावर कुणी काही बोललं नाही. तिने एक वही केली. तारीख, रस्ता, वेग, आवाज किती वेळ. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना ती वाट वाकडी करून त्या गोदामांच्या रस्त्यावरून जायला लागली. एकाच रस्त्यावर चार-चार फेऱ्या मारायची. कामाला उशीर व्हायला लागला. जावयांनी मला फोन करून सांगितलं की घरी आल्यावरही ती अर्धा अर्धा तास बंद गाडीत बसून असते, त्यांनी काच वाजवली तर वही मिटते. ते घाबरले होते. वाईट माणूस नाही तो. गाडीत बसला की आधी रेडिओ लावतो, मग त्याला कुठून येणार आवाज, हीच काय ती खोड. त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, हा आवाज आणखी कुणाला येतो का? जावई म्हणाले, तिचे वडील ह्यातले जाणकार आहेत, त्यांनी तीनदा तपासलं, आवाज नाही. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. असं मोठं दुःख झाल्यावर नसलेले आवाज ऐकू येऊ शकतात, म्हणाले. गोळ्या दिल्या, त्या सुरू झाल्या की काम थांबवा, गाडी चालवू नका म्हणाले. म्हणजे आमच्या ह्यांची सही आता थेट पोरीच्या डोक्यावर उमटली होती.

गुरुवारी सकाळी ती माझ्याकडे आली. मी एका पांढऱ्या शर्टाची कॉलर उलटवत होते. तिने गाडीची किल्ली कापड कापायच्या टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसली.

"शनिवारी गाडी परत द्यायचीय," ती म्हणाली. "बाबा बोललेत मॅनेजरशी. सोमवारपासून गोळ्या सुरू."

मी विचारलं, मग काम? तर म्हणाली सोडतेय. गोळ्यांनी हाताला कंप सुटेल म्हणालेत, आणि अशा हाताने ती माणसांना उभं कसं करणार. हे सगळं तिने शर्टाला किती बटणं लावायची ते सांगावं तसं सांगितलं.

"आई, तेव्हा मी सांगितलं होतं ना, हलत नाहीये म्हणून. तुम्ही सगळे काही नाही म्हणालात आणि माझंच खरं निघालं. म्हणून ह्या वेळी वाटलं, आपल्याला कळतं. पण बाबांना येत नाही, तुला येत नाही, म्हणजे नसेलच. तेव्हा नुसतं जुळून आलं असेल."

तेव्हा म्हणजे त्या सातव्या महिन्यात. तिने मला फोन केला होता, बाळाची हालचाल कमी वाटते म्हणून. मी एका जाकिटाची चेन बसवत होते, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. मी म्हणाले होते, झोपलं असेल गं, पाणी पी, कुशीवर पड, काही नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला आणि मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही, सरळ दवाखान्यात गेली. डॉक्टरीण नंतर म्हणाली की आधी आला असतात तरी काही सांगता आलं नसतं. ते मी धरून बसले होते. पण पोरीला मी दोन दिवस गप्प केलं होतं, ते त्याने पुसलं जात नाही.

ती गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, सुई बोटात घुसली होती आणि पांढऱ्या कॉलरवर रक्ताचा ठिपका पडला होता. मी उठून कॉलर गार पाण्यात धरली. दुखत काहीच नव्हतं. ठिपका गेला, मी कापड झटकलं, आणि तेव्हा मला राग आला. ह्यांचा आला, डॉक्टरांचा आला, त्या पांढऱ्या गाडीचा आला. सगळ्यांवर आलेला तो राग फिरून माझ्यापाशी येऊन बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा मला धड काहीतरी वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी हे बेसिनपाशी दाढी करत होते. मी दारात उभी राहून, नेहमीच्या आवाजात, त्यांच्या पाठीला म्हणाले, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही." ब्रश एकदा थांबला, मग पुन्हा फिरायला लागला. नळ चालू होता. त्यांनी ऐकलंच नाही की ऐकून घेतलं नाही, हे मला आजही माहीत नाही. दुसऱ्यांदा म्हणायचा धीर मला झाला नाही. मूग गिळून मी आत गेले.

शनिवारी गाडी पोचवायला आम्ही तिघं निघालो. जावई वर्कशॉपवरच येणार होते, येताना आम्हाला आणायला त्यांची गाडी हवी होती. ह्यांना पुढे बसा म्हटलं तर सवयीने मागेच बसले, मध्ये. मी डावीकडे. लेक चालवत होती. वर्कशॉपला जायला तो गोदामांचा रस्ता लागतोच. ती गाडी अगदी हळू, पस्तीसवरच चालवत होती. मला कळलं, तिला तो आवाज यायलाच नको होता, शेवटचाही नको होता. पण मागून एक टेंपो भोंगा वाजवत आला, तिला वेग घ्यावा लागला, आणि तो पुढे निघून गेल्यावर तिने पाय उचलला.

आला. तिचे खांदे कानापर्यंत वर गेले. ह्यांनी डोळे मिटले होते, उजवा हात गुडघ्यावर.

मी माझा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि बोट वर केलं.

तिने बघितलं नाही. पाय दाबला, आवाज गेला, मी बोट खाली घेतलं. पुढे वळण होतं, तिने पाय उचलला, आवाज आला, मी बोट वर केलं. ह्या वेळी आरशात तिचे डोळे माझ्या हातावर थांबले. गाडी जरा डगमगली. तिने सरळ केली, मग पाय दाबला. बोट खाली. उचलला. वर. ती मला तपासत होती. मध्येच तिने नुसता पाय हलवून फसवून बघितलं, आवाज आला नाही, माझं बोट जागचं हललं नाही. मग पुन्हा उचलला. वर. असं आम्ही त्या रस्त्याच्या शेवटापर्यंत गेलो. आयुष्यात माझा हात कधी इतका स्थिर नव्हता.

गाडीच्या मागे-पुढे होण्याने ह्यांनी डोळे उघडले. आधी रस्त्याकडे बघितलं, मग आरशाकडे, मग माझ्या बोटाकडे.

"आत्ता येतोय?" त्यांनी विचारलं.

"येतोय."

लेकीने पाय दाबला.

"आत्ता?"

"गेला."

लेकीने गाडी एका गोदामाच्या फाटकापाशी बाजूला घेतली आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली. मी तिच्या मानेकडे बघून बोलले, तोंडाकडे बघून जमलं नसतं. "मला पहिल्या दिवशीच आला होता. त्या रविवारी. मी तुझ्याशी खोटं बोलले. ह्यांना ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली, ते मला झाकायचं होतं."

ती वळली नाही. ह्यांनी आपला हात उचलून बघितला, उलटा, सुलटा, कुणीतरी दुरुस्तीला आणून दिल्यासारखा. मग ते पुढे झुकले.

"बाळा," ते म्हणाले, "मला यंत्राची पीं-पीं पण येत नाही. मी यादी केली तुला, न ऐकता केली. जुन्या अनुभवावर."

"बरं," लेक म्हणाली. एवढंच. मग तिने गाडी सुरू केली.

वर्कशॉपमध्ये मॅनेजर परतीचे कागद तयार ठेवून बसला होता. जावई शेजारी उभे होते. ह्यांनी कागद बाजूला सारले आणि टेस्टचं कोरं कार्ड मागितलं. उभ्यानेच लिहिलं, 'आवाज आहे. मला ऐकू येत नाही. मुलीला येतो.' खाली सही केली, नेहमीसारखी, ठासून. मॅनेजरने दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. जावयांनी त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि तिथल्या टायरांच्या ढिगावर बसले. लॅपटॉपवाली लांबून आली, तिनेही वाचलं. गळ्यातली वायर चाचपत ती हळूच म्हणाली, दोन्ही वेळा गाडी मी चालवत होते, मला येत होता तो आवाज, पण कानसेनांचं बोट वर गेलं नाही, मला वाटलं तो गाडीचा नेहमी येणाराच असेल. कुणी तिला रागावलं नाही. रागवायला तोंड कुणाला होतं?

मंगळवारी गाडी उघडली. मोटारीचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दातेरी पेटीत एक बेअरिंग होतं, त्याच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडले होते. कारखान्यातूनच सदोष आलेलं. आणखी काही महिने तसंच चालवलं असतं तर एखाद्या दिवशी वेगात असताना चाकं जाम झाली असती, असं मॅनेजर म्हणाला. जावयांनी गाडी परत द्यायचा विषय पुन्हा काढला नाही. लेकीने ते जुनं बेअरिंग मागून घेतलं, माझ्याकडून कापडाचा तुकडा घेऊन त्यात गुंडाळलं आणि एकटी डॉक्टरांकडे गेली. ते तिने टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी आपल्या हातानेच आधीचं लिहिलेलं खोडलं, गोळ्या मागे घेतल्या, आणि म्हणाले, झोप येत नसेल तर मात्र या. हे तिनेच मला सांगितलं, न हसता.

ह्यांना मॅनेजरने सुट्या भागांच्या खिडकीवर बसवलं, निवृत्तीपर्यंत. कानात यंत्रं घातलीत. पहिल्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, हा फ्रिज एवढा ओरडतो आणि तू कधी बोलली नाहीस? वर्कशॉपमध्ये अजून कानसेनच म्हणतात. संध्याकाळी ते बराच वेळ गप्प बसतात. मी बेल वाजली की अजूनही सवयीने म्हणते, दार वाजलं वाटतं. ते म्हणतात, माहीत आहे. ते जरा तुटक लागतं, पण मला चालतं.

गाडी दुरुस्त होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लेक मला न्यायला आली. दोन पेशंटांच्या मध्ये तिला तासभर मोकळा होता. तिने गोदामांचा रस्ता धरला. मी ह्या वेळी पुढे, तिच्या शेजारी.

साठ. तिने पाय उचलला. काही आलं नाही. पाय दाबला, पुन्हा उचलला. काही नाही. पंचावन्न, पन्नास, पंचेचाळीस. टायर रस्त्यावर फिरत होते तेवढंच. मागच्या सीटवर तिची कामाची पिशवी होती, पट्टा लावलेला. ती पिशवी हललीसुद्धा नाही. बाळ झोपलं असतं तर उठलं नसतं, खरंच इतकी शांत होती गाडी.

तिने त्याच फाटकापाशी गाडी थांबवली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, कपाळ त्यावर टेकवलं आणि रडायला लागली. चार महिने साठलेलं. मोठ्याने, लाज न बाळगता, मध्येच ठसका लागून.

माझ्या तोंडाशी शब्द तयार होते, तेच दोन, मी जन्मभर वापरलेले. ते मी गिळले. तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तिने तोंड पुसलं आणि सांगायला लागली, मी पहिल्यांदा फोन केला ना तुला, त्याच्या आदल्या संध्याकाळपासून. कुठे बसली होती, पोटावर हात कुठे ठेवला होता, किती वेळ मोजत राहिली. ते दोन्ही दिवस तिने मला सुरुवातीपासून सांगितले. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.